आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग शिकायचंय? मग ड्रॉइंगं एकावर एक ठेवून बघायला शिका

घोडबंदर रोडवरची एक साइट, अकरावा मजला, संध्याकाळचे पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्लॅब भरायचा होता. सळया बांधून झाल्या होत्या, इलेक्ट्रिशियनची पोरं कंड्युट ओढत होती. आमच्याकडे दोन महिन्यांसाठी आलेली तिसऱ्या वर्षाची एक मुलगी हातात दोन ड्रॉइंगं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "सर, ही ११० ची लाइन बीममधून जातेय. पण बीमला स्लीव्ह कुठेच दिसत नाहीये." ११० म्हणजे ११० मिमी व्यासाचा पाइप, आणि स्लीव्ह म्हणजे पाइप जायला बीममध्ये काँक्रीट भरण्याआधीच ठेवलेली मोकळी नळी. प्लंबिंगचा ठेकेदार शेजारीच उभा होता. त्याने हात झटकला, "बाद में कोअर मार देंगे, साब."

कोअर मारणं म्हणजे तयार काँक्रीटला मशीनने गोल भोक पाडणं. विटांच्या भिंतीत हे खपून जातं. बीममध्ये मारलं तर आतली सळई कापली जाऊ शकते, आणि ती जोडायला पुढे कुणी येत नाही. त्या संध्याकाळी स्ट्रक्चरल कन्सल्टंटला फोन गेला, लाइन शेजारच्या डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीकडे वळवली आणि स्लॅब चार तास उशिरा सुरू झाला. वरून मला बोलणी बसली ती वेगळीच. गंमत अशी, की आर्किटेक्टचं ड्रॉइंग बरोबर होतं, स्ट्रक्चरचंही बरोबर होतं आणि प्लंबिंगचंही. तिन्ही एकावर एक ठेवून कुणी पाहिलीच नव्हती.

ही ड्रॉइंगं जिथे एकमेकांना भिडतात, ती जागा सांभाळण्याचं शिक्षण म्हणजे आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग. इमारतीचा सांगाडा, पाणी, वीज, हवा, आग, उजेड, आणि हे सगळं आर्किटेक्टच्या कल्पनेत कसं बसवायचं याचा हिशेब. ठाणे-नवी मुंबईत राहून हे कसं शिकायचं आणि शिकताशिकता साइटचा खरा अनुभव कसा मिळवायचा, ते सविस्तर लिहितो. हे मी वर्गाबाहेर शिकलो, तेव्हा सल्ल्यात साइटची धूळ जरा जास्त असेल.

आधी पदवीच्या नावाचा घोळ मिटवा

दर जून-जुलैमध्ये ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो, "मुलाला आर्किटेक्चरल इंजिनिअरिंगला घालायचंय. पाच वर्षांनी आर्किटेक्ट होईल ना?" नाही. भारतात 'आर्किटेक्ट' ही बिरुदावली १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टने राखून ठेवली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झालेल्यालाच ती लावता येते, आणि त्यासाठी मान्यताप्राप्त पदवी लागते, म्हणजे इथे पाच वर्षांचं बी.आर्क. प्रवेशासाठी नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो.

इंग्लंड-अमेरिकेत आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग ही इंजिनिअरिंगची स्वतंत्र शाखा आहे. आपल्याकडे त्या नावाचं बी.ई. सहसा सापडत नाही. इथल्या मुलांसाठी व्यवहारात तीन वाटा आहेत. पहिली, सिव्हिल इंजिनिअरिंग: बारावीनंतर एमएचटी-सीईटी, चार वर्षं, आणि इमारतींशी जोडलेले ऐच्छिक विषय विचारपूर्वक निवडायचे. दुसरी, बी.आर्क., पण स्ट्रक्चर आणि बिल्डिंग सर्व्हिसेस या विषयांना बाकीच्यांसारखं 'पास होण्यापुरतं' न मानता. तिसरी, दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिलचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षात पदवी.

तिसऱ्या वाटेला लोक उगाच नाक मुरडतात. डिप्लोमाची मुलं साइटवर पहिल्या दिवशी टेप नीट धरतात, हे मी अनेकदा पाहिलंय. गणितात ती पुढे थोडी दमतात, पण ते भरून निघतं.

निवड कशी करायची? मुलाला एक साधा प्रश्न विचारा. एखादी मोठी इमारत बघताना त्याला 'ही अशी का दिसते?' असं वाटतं, की 'ही उभी कशी राहिली आणि एवढ्या माणसांना पाणी कसं पोचतं?' असं? पहिला प्रश्न पडत असेल तर बी.आर्क., दुसरा पडत असेल तर सिव्हिल. दोन्ही पडत असतील तर सिव्हिलच घ्या, आणि चित्रकलेची वही सोडू नका.

कॉलेजला काय विचारायचं

जवळपास पर्याय बरेच आहेत. कासारवडवली, नेरुळ, ऐरोली, खारघर, नवीन पनवेल या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, बेलापूर, नेरुळ आणि पनवेलकडे आर्किटेक्चरची. माटुंग्याचं व्हीजेटीआय लोकलने गाठता येतं, आणि गुण तेवढे असतील तर तिकडे आधी बघा. पण कॉलेज नक्की करण्याआधी माहितीपत्रक बाजूला ठेवून तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना गाठा आणि विचारा: इंटर्नशिप कॉलेज मिळवून देतं, की नुसतं पत्र देतं? शेवटच्या सेमिस्टरला पूर्ण वेळ बाहेर काम करायची सोय आहे का? काँक्रीटच्या लॅबमध्ये क्यूब (मजबुती तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) तुम्ही स्वतः भरलेत, की लॅब असिस्टंटने भरलेले मोजलेत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना मुलं हसली, तर काय ते समजा.

इंटर्नशिप आता हौसेची राहिलेली नाही. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या धोरणात पदवी पूर्ण होईपर्यंत ६०० ते ७०० तासांच्या इंटर्नशिपची अपेक्षा आहे, आणि बी.आर्क.ला तर प्रॅक्टिकल ट्रेनिंगचं एक आख्खं सेमिस्टर असतं. म्हणजे वेळ द्यावा लागणारच आहे. तो कुठे घालवायचा, एवढंच तुमच्या हातात आहे.

कोणत्या वर्षी कुठे

पहिल्या वर्षी नोकरी शोधू नका, पायी फिरा. आपण ज्या शहरात राहतो तेच एक पाठ्यपुस्तक आहे. साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर वसवावं असा प्रस्ताव मांडला तो चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी. पहिले दोघे आर्किटेक्ट, तिसरे सिव्हिल इंजिनिअर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली ती या कामासाठी. एका रविवारी सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मधलं कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज बघून या. सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या अंगणाभोवती बसवली आहेत. घर मालकाला पुढे वाढवता यावं, अशीच मूळ आखणी होती, आणि लोकांनी ती मनसोक्त वाढवली आहेत. पावसाचं पाणी अंगणातून कुठे जातं, हे वहीत काढा. मग वाशी स्टेशनवर जा आणि खाली गाड्या, वर ऑफिसं अशा इमारतीत कॉलम कुठे येतात ते शोधा. रूळ हलवता येत नाहीत, कॉलम हलवावे लागतात.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत ठेकेदाराची साइट, महिनाभर तरी. इथे एक स्थानिक गणित आहे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आला की खोदाई आणि पायाची कामं अडतात. त्यामुळे मे महिन्यात प्रत्येक साइटवर 'पावसाआधी प्लिंथला आणा', म्हणजे जोत्यापर्यंत आणा, अशी घाई असते. माणूस कमी, काम जास्त. अशा वेळी फुकटात मदत करणाऱ्या पोराला कुणी नाही म्हणत नाही, आणि जमिनीखालचं काम, जे पुढे कधीच दिसणार नाही, ते बघायला मिळतं. परीक्षा लांबल्या तर हे हातचं जातं, म्हणून मार्चपासूनच बोलून ठेवा.

तिसऱ्या वर्षी ऑफिस. स्ट्रक्चरल कन्सल्टंट किंवा सर्व्हिसेस कन्सल्टंट, म्हणजे वातानुकूलन, वीज, प्लंबिंग आणि फायर यांचं डिझाइन करणारे. वागळे इस्टेट, वाशी, बेलापूर, महापे या भागात अशी छोटी ऑफिसं खूप आहेत. बहुतेक मुलं स्ट्रक्चरकडेच धावतात. मला विचाराल तर तिसऱ्या वर्षी सर्व्हिसेसकडे जा. तिथे सिव्हिलचा मुलगा क्वचित येतो, म्हणून शिकवतातही मनापासून. शिवाय ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात गेल्या काही वर्षांत डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. तिथे माणसं थोडी आणि यंत्रं फार. रॅकच्या आणि बॅटऱ्यांच्या वजनामुळे जमिनीवर भार जास्त, थंड ठेवायला अखंड यंत्रणा, वीज गेली तर जनरेटर. आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग इतकं उघडं बघायला मिळेल अशी दुसरी इमारत नाही.

शेवटच्या सेमिस्टरला मोठ्या कंपनीची साइट बघा, नोकरी लागण्याच्या हिशेबाने. पदवीनंतरही एक दार उघडं असतं: राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत पदवी आणि डिप्लोमाधारकांना एक वर्षाची उमेदवारी स्टायपेंडसह मिळते. आपल्या भागाचं काम शीवच्या बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंगच्या कार्यालयाकडे आहे. बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वेनेही सिव्हिलचे अप्रेंटिस घेतले आहेत. अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवून जाहिरातींवर लक्ष ठेवा.

दार कसं ठोठवायचं

'आदरणीय महोदय, मी एक मेहनती विद्यार्थी आहे' असं पत्र कुणी पूर्ण वाचत नाही. दोन पानांचा बायोडेटाही नको. चार ओळी पुरतात:

"मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षात आहे, राहायला कळव्याला. २ जून ते १५ जुलै पूर्ण वेळ येऊ शकतो. ऑटोकॅड येतं, रेव्हिट शिकतोय. मागच्या मे महिन्यात एका साइटवर सळयांचं मोजमाप केलं होतं, त्याचं पान जोडलं आहे. ड्रॉइंग कोऑर्डिनेशनचं काम बघायची इच्छा आहे."

यात तारीख आहे, घराचं अंतर कळतं आणि एक पुरावा आहे. तो पुरावाच महत्त्वाचा. हाताने काढलेला जिन्याचा सेक्शन असला तरी चालेल. रेव्हिट, ऑटोकॅड ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना अधिकृतपणे मोफत मिळतात, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं इतकंच. तेव्हा चोरीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेऊन ऑफिसात जाऊ नका. ऑफिसवाले घाबरतात, आणि बरोबरच आहे.

कंपनीच्या नावापेक्षा एक गोष्ट विचारून घ्या: मला रोज काम कोण देणार? 'एचआर सांगेल' असं उत्तर आलं तर सहा आठवडे झेरॉक्स मशीनजवळ जातील. 'आमचे अमुक इंजिनिअर, त्यांच्याबरोबर राहा' असं आलं तर ऑफिस दोन खोल्यांचं असलं तरी जा. ट्रान्स-हार्बरवरच्या जागेला पसंती द्या, कारण साइट सकाळी लवकर सुरू होते आणि ठाणे-वाशी गाडीत किमान उभं राहायला तरी जागा मिळते.

पैसे मागणाऱ्या इंटर्नशिपपासून लांब राहा. 'अमुक हजार भरा, प्रमाणपत्र हमखास' अशा ठिकाणी माझ्या ओळखीतल्या एका मुलाने दोन महिने घरबसल्या व्हिडिओ बघितले. मुलाखतीत त्याला विचारलं, कव्हर ब्लॉक कशाचा असतो. तो म्हणाला, लाकडाचा. सळईखाली अंतर राखायला ठेवतात तो हा ठोकळा, सिमेंट-काँक्रीटचा असतो.

साइटवरचा पहिला आठवडा

हेल्मेट आणि सेफ्टी बूट साइटवर मिळतील, पण बूट स्वतःचे घ्या. मापाचे बूट नसतील तर संध्याकाळी पाय सांगतात. खिशात पाच मीटरचा टेप, छोटी वही, पेन्सिल. पेन्सिलच, कारण घामाने पेनाची शाई पसरते. सकाळची सेफ्टीची बैठक चुकवू नका. उघड्या कडेला रेलिंग नसेल तर तिथे फोटो काढायला जाऊ नका, आणि लिफ्टच्या डक्टवरच्या प्लायवर पाय ठेवू नका. कॉलेजचा अपघात विमा साइटवर लागू आहे का, हे आधीच विचारा.

साइटवरची भाषा बहुतेक हिंदी, आणि इंजिनिअरपेक्षा मुकादमाला जास्त माहिती असते. त्याला मामा म्हणा, चाचा म्हणा, पण आधी चहा पाजा. पहिल्याच दिवशी पुस्तकी चूक दाखवायला गेलात तर 'इंजिनिअर साब आये' म्हणून सगळी गँग हसते.

मग कामाला लागा. सळयांपासून सुरुवात करा. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी स्ट्रक्चरचं ड्रॉइंग हातात घेऊन एकच पॅनल निवडा. आधी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातला रिव्हिजन नंबर बघा, जुन्या रिव्हिजनवर काम चाललेलं मी एकदा नाही, अनेकदा पकडलंय. मग सळईचा व्यास, दोन सळयांमधलं अंतर, खालचं कव्हर, म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात वातावरणानुसार कव्हर बदलतं: सौम्य असेल तर २० मिमी, मध्यम असेल तर ३०, तीव्र असेल तर ४५. खाडीकाठच्या साइटवर कन्सल्टंटने कोणतं वातावरण धरलंय, हे विचारा. हा एक प्रश्न विचारणारा ट्रेनी त्यांच्या लक्षात राहतो. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा बघा: भूकंपाच्या आयएस १३९२० प्रमाणे रिंगेचं टोक १३५ अंशात आत वळलेलं हवं. घाईत फिटर ते ९० अंशावरच सोडतात. मुंबई-ठाणे परिसर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरला जातो, तेव्हा हा नुसता हट्ट नव्हे.

स्लॅब भरताना ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट आणणारा ट्रक) आला की चलनावरची वेळ आणि ग्रेड टिपा, स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे याची चाचणी) घेताना उभे राहा, आणि क्यूब स्वतः भरायला मागा. किती भरायचे याचंही गणित आहे. ८० घनमीटर काँक्रीट असेल तर ५० पर्यंत चार नमुने आणि उरलेल्या ३० साठी एक, असे पाच. एका नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी पंधरा. सात दिवसांचे वेगळे. ही आकडेमोड साइटच्या कागदाशी जुळते का बघा. जुळली नाही तर आरडाओरडा करू नका, शांतपणे विचारा.

आयएस कोड आता भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर मोफत मिळतात. रोज रात्री दहा पानं वाचण्याचा संकल्प कुणाचाच टिकत नाही. दिवसा जे पाहिलं तेवढंच कलम रात्री उघडा. ठाण्यात इमारतीच्या परवानग्यांसाठी डिसेंबर २०२० पासूनची यूडीसीपीआर नियमावली लागते. तीही अशीच, जिना पाहिला त्या दिवशी जिन्याचं कलम.

एकावर एक ठेवण्याचा सराव

या लेखातून एवढं एक केलंत तरी पुरे. एका मजल्याची आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, प्लंबिंग, वीज आणि फायरची ड्रॉइंगं परवानगीने मागा. एकाच स्केलवर, एकाच ग्रिडला, म्हणजे कॉलमच्या आखणीच्या रेषांना, जुळवून ऑटोकॅडमध्ये एकावर एक चढवा. संगणक नसेल तर ट्रेसिंग पेपर घेऊन खिडकीच्या काचेवर लावा. आम्ही तसंच शिकलो.

मग टॉयलेटपासून सुरू करा, भांडणं तिथेच जास्त असतात. समजा सांडपाण्याची आडवी लाइन ६ मीटर लांब आहे आणि उतार १:६० दिलाय. म्हणजे शेवटाला पाइप सुरुवातीपेक्षा १०० मिमी खाली गेला. आता बघा, तिथे वर बीम किती खोल आहे, खाली फॉल्स सीलिंग कुठे आहे, मधून एसीचा डक्ट जातोय का. प्लॅनवर सगळं छान मावतं. उभा सेक्शन काढला की जागा संपते. बीममध्ये स्लीव्ह हवीच असेल तर ती बीमच्या उंचीच्या मधल्या भागात आणि आधारापासून दूर घेण्याची पद्धत आहे, पण अंतिम शब्द स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा. तुम्ही फक्त अडचण दाखवायची, ग्रिड नंबर, लेव्हल आणि फोटोसकट. तोंडी नको. ईमेल लिहा, नाहीतर 'मी सांगितलं होतं' याला साइटवर काही किंमत नाही.

महिनाभरात अशा दहा अडचणी सापडल्या, तरी त्यातल्या सहा आधीच कुणीतरी सोडवलेल्या निघतील, तीन तुमच्याच चुकीच्या वाचनाच्या असतील. उरलेल्या एकीसाठी तुम्हाला पुढच्या वेळी बोलावतील.

रोजच्या डायरीत 'आज साइटला भेट दिली' असलं वाक्य नको. तारीख, मजला, काय मोजलं, काय कळलं नाही, कुणाला विचारलं. कॉलेजचा अहवाल याच डायरीतून दोन दिवसांत होतो. कंपनीची ड्रॉइंगं त्यात चिकटवू नका, स्वतः काढलेली स्केचं लावा. ड्रॉइंग बाहेर गेलं तर नाव तुमचंच खराब होतं.

परदेशाचा विचार असेल तर

इंग्लंडमध्ये काही विद्यापीठं याच नावाच्या पदवीत एक वर्ष उद्योगात काढायची सोय देतात. ऐकायला छान, पण त्या वर्षाची जागा बहुधा विद्यार्थ्याने स्वतः शोधायची असते, आणि न मिळाल्यास काय, हे प्रवेशाआधी लेखी विचारा. परत येऊन इथे आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होईल असं गृहीत धरू नका, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरला आधी विचारा. कर्ज काढून जायचं असेल तर इथे सिव्हिल करून पदव्युत्तरला जाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. इथल्या दोन पावसाळ्यांचं वॉटरप्रूफिंग पाहिलेल्या मुलाकडे तिथे सांगायला काहीतरी असतं.

आणि प्रमाणपत्राबद्दल. ते शेवटच्या दिवशी मागू नका. प्रोजेक्ट मॅनेजर नेमका त्या दिवशी दुसऱ्या साइटवर असतो, शिक्का हेड ऑफिसला असतो आणि तुमची गाडी सुटलेली असते. दहा दिवस आधी मजकूर स्वतः टाइप करून द्या. त्यात 'समाधानकारक' हा शब्द नको, तुम्ही काय केलं ते हवं: कोणत्या मजल्याच्या सळया तपासल्या, किती क्यूब भरले, कोणती लाइन कुठे अडकली होती.